ताटावरून उठवलेला माणूस

"अक्का, एक मटण ताट. कट वरून घाला, हात राखू नका."

मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होते. आवाज ओळखीचा, म्हणून न वळताच "बसा, आले" म्हटलं. मग ध्यानात आलं की हा माणूस तर समोरच्या दवाखान्यात पडलाय. वळून बघते तर नागवेकर! अंगात दवाखान्याची हिरवी बंडी आणि पायजमा, पायात कुणाची तरी रबरी चप्पल, मनगटावर चिकटपट्टीखाली सलाइनची सुई तशीच. पायजम्याची नाडी एका हातानं धरून उभे. साडेबाराची गर्दी, अठरा-वीस माणसं जेवत होती. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"पळून आलासा?"

"चालत आलो. पळायला डॉक्टरांनी मनाई केलीय."

आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आता सांगायला लाज वाटते, पण झाला. एवढा चार मजली दवाखाना, एवढी यंत्रं, एवढे डॉक्टर, आणि माणूस सुई हातात घेऊन माझ्या रश्श्यासाठी रस्ता ओलांडून आला. मिरजेत खाणावळी पन्नास असतील. असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडं आलंय का सांगा!

नागवेकर मालवणकडचे. मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात होते. लग्न केलं नाही, घरात चूल नाही. चौदा वर्षं दोन्ही वेळा माझ्याकडं. तब्येतीची काळजी घेतो असं स्वतःच सांगायचे. म्हणजे काय, तर चहात साखर नको, गूळ घाला. भात सोडलाय, वजन वाढतं. आणि भात सोडल्याच्या जागी रश्श्याच्या चार वाट्या, वर कट. असला शहाणपणा मी तरी दुसरीकडं बघितला नाही. पण मी कशाला बोलू? वाट्या माझ्याच होत्या.

शनिवारी ते पार्सलच्या वजनकाट्यावरच कोसळले. काट्यानं एकशे दोन किलो दाखवले, हे मला येऊन पाच जणांनी सांगितलं. माणूस मरायला टेकला होता आणि ह्या मेल्यांना काटा दिसला. दवाखान्यात कळलं की हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, शुक्रवारी ऑपरेशन. ते उठून माझ्याकडं आले तो बुधवार.

आता कटाचं सांगते, कारण भांडण त्याचंच होतं. रश्श्यावर जो तांबडा तेलाचा तवंग येतो त्याला आम्ही कट म्हणतो. आमच्यात दिवस सरला की उरलेल्या रश्श्यावरचा कट काढून कल्हईच्या डब्यात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशीची फोडणी त्याच्यातच करायची. माझ्या सासूनं सुरू केलं, मी एक दिवस मोडलं नाही. विरजण जपतात तसं जपलं. गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. लांबून येणारी माणसं डब्याचं झाकण उघडून वास घ्यायची आणि मान हलवायची.

त्या बुधवारच्या पंधरा दिवस आधी दवाखान्यातली पथ्य सांगणारी पोरगी आली होती. तस्नीम. आमच्याच गल्लीमागच्या मुजावरांची, माझ्यासमोर फ्रॉक घालून फिरलेली. आता गळ्यात ओळखपत्र आणि हातात वही.

"अक्का, तुमचे डबे वॉर्डात येतात. नातेवाइकांच्या नावानं येतात आणि पेशंटच खातात. तर कमी तेलाचा एक वेगळा डबा करून द्याल का? काय काय घालायचं ते मी सांगते."

"तुझं वय किती गं?"

"चोवीस."

"माझ्या कटाचं एकवीस. तू मला शिकवणार?"

ती वाकली, डब्याचा वास घेतला आणि तिचं तोंड कारलं खाल्ल्यागत झालं. "हे तेल एकवीस वर्षं पुन्हापुन्हा तापतंय?"

"म्हणून तर चव हाय."

"म्हणून तर आमचा वॉर्ड भरलाय," ती म्हणाली. तेही कसं, तर एकदम गोड आवाजात.

मग मी तिला जे सुनावलं ते सगळी गल्ली ऐकत होती. म्हटलं, तुझं ते उकडलेल्या दुध्याचं पाणी तूच पी. पथ्य रोग्याला असतं. धडधाकट माणसानं पथ्यानं खायला लागायचं तर देवानं जीभ कशाला दिली? आमचे मालक गल्ल्यावर बसून पोट धरून हसत होते. मालक म्हणजे काडीपैलवान. कितीही खाल्लं तरी अंगाला लागायचं नाही. मी त्यांच्याकडं बोट करून म्हटलं, हे बघ, वीस वर्षं हाच कट खातोय हा माणूस. दाखव कुठं चरबी हाय ती. पोरीनं वही मिटली आणि गेली. मला वाटलं, जिंकले.

तर आता नागवेकर त्यांच्या नेहमीच्या जागेवर, खिडकीखाली बसले. मी ताट मांडलं. कांदा, लिंबू, भाकरी, मटणाचे चांगले चार तुकडे बघून घातले. रश्श्याच्या पातेल्यात पळी बुडवली आणि वर आणली. तेवढ्यात बघितलं, तर त्यांना भाकरी मोडेना.

माझी भाकरी दोन बोटांनी मोडते. तान्ह्या पोराला मोडेल. ह्यांचा हात थरथरत होता आणि भाकरी नुसती ताटात फिरत होती. डोक्यावर पंखा गरगरत होता तरी कपाळावरून घाम गळत होता. दवाखाना ते माझा उंबरा शंभर पावलं नसतील, तेवढ्यानं माणूस तोंडानं श्वास घेत होता.

माझी पळी मधेच थांबली.

"वाढा की अक्का."

"न्हाई वाढत."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाई वाढत. उठा. दवाखान्यात जावा."

आमच्यात ताटावर बसलेल्या माणसाला उठवत नाहीत. वैरी असला तरी जेवू देतात आणि मग भांडतात. मी तर त्यावर पोट भरत होते.

बाकीचे लगेच सुरू झाले. "अक्का, इच्छा हाय त्यांची, वाढा." "एवढं आशेनं आलंय माणूस." "एका वाटीनं काय हुतंय?"

हे एका वाटीनं काय हुतंय म्हणणारे लोक मला चांगले माहीत आहेत. पथ्यावरच्या माणसाच्या ताटात जिलबी टाकून टाळ्या देणारे हेच. तो गेला की चार दिवसांनी ओट्यावर बसून, बिचाऱ्यानं तब्येत सांभाळली नाही, असं सांगणारेही हेच. मी म्हटलं, "तुम्ही आपापलं गिळा. वाटी माझी हाय, जीव त्यांचा हाय. तुमचं काय जातंय?"

नागवेकर माझ्याकडं बघत होते. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. तो असता तर बरं झालं असतं.

"चौदा वर्षं तुम्ही मला वाढताय, अक्का. एकदाही पळी थांबली नाही. आजच माझी काळजी कशी काय वाटली?"

उत्तर नसलं की मी ओरडते, सगळ्यांना ठाऊक आहे. "उठा म्हटलं ना!" मी ओरडले.

"उठलो," ते म्हणाले. नाडी धरली आणि उठले.

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "हौसा, गिऱ्हाईक गेलं की गं."

मी दारातून बघितलं. गडी दवाखान्याकडं जायचं सोडून समोर रावसाब खोताच्या मेसमध्ये शिरला! ह्या खोतानं माझी भाकऱ्या करणारी बाई फोडून नेली होती. सहा वर्षं मी त्याच्या पायरीवर थुंकायलासुद्धा गेले नव्हते. तशीच हातात पळी घेऊन अनवाणी पळाले. मागून एक रिक्षावाला शिव्या देत होता.

आत गेले तर ताट मांडून झालेलं. भाकरी, मटण, लालभडक वाटी.

"या या अक्का," खोत म्हणाला, "शेवटी आमच्यातच जेवायला आलासा."

"रावसाब, ह्यांना वाढू नको. हार्ट अॅटॅक आलाय त्यांना."

"ते दिसतंय की कपड्यांवरनं."

"आणि तरी वाढतोयस? माणूस हायस का कोण?"

खोतानं टॉवेलला हात पुसले. "गिऱ्हाईक बसलं की वाढायचं, हे तुमच्याच खाणावळीकडं बघून शिकलो मी. आणि एक सांगा अक्का. माझ्यात हे आज पयल्यांदा बसलेत. तुमच्यात चौदा वर्षं बसले. मग अॅटॅक कुणाच्यातला?"

सगळी मेस हसली. शिकलेली दोन पोरं तर ठसका लागेस्तोवर हसली. मला आयुष्यात कमी लोक बोलले नाहीत आणि मी कुणाची बाकी ठेवली नाही. पण ह्याची बाकी राहिली. हलकट माणूस, पण खोटं बोलला नव्हता.

मी नागवेकरांच्या पुढचं ताट उचललं. खोत ओरडला, "अहो अक्का, ताट माझं हाय!" मी ते त्याच्याच गल्ल्यावर नेऊन आपटलं. रस्सा त्याच्या पावतीपुस्तकावर सांडला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

परत येऊन बघते तर नागवेकर रडत होते. बावन्न वर्षांचा माणूस, खाली मान घालून.

"मी भितोय अक्का," ते म्हणाले. "शुक्रवारी छाती उघडणार आहेत. पाच दिवस ते पांढरं पांढरं समोर ठेवतात, ते घशाखाली उतरत नाही. नुसता वास आला तरी आपण मेलोयच असं वाटतं. म्हटलं, त्याआधी एकदा काहीतरी ओळखीचं खावं. एवढंच हो. मरायला नव्हतो आलो."

तेवढ्यात तस्नीम धापा टाकत आली. मागं चाकाची खुर्ची घेऊन वॉर्डातले मामा. तिनं आधी नागवेकरांची नाडी बघितली, मग माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ही सगळं वसूल करणार. तिनं काहीच केलं नाही.

"अक्का, पाच दिवसांत ह्यांनी चहा-बिस्किटाशिवाय काही घेतलं नाही. रक्त आधीच कमी, आठवर आहे. खाल्लं नाही तर शुक्रवारी सर्जन हात लावणार नाहीत. आणि पुढं ढकलण्याएवढा वेळ ह्यांच्याकडं नाही."

"मग काय खायचं त्यांनी?"

"काहीही, पण तुमचं ते तेल सोडून. आमचं तर ते खात नाहीत."

मी नागवेकरांकडं बघितलं. "माझ्या हातचं खाल काय? ही सांगेल तसं केलेलं?"

"कट?"

"कटाचं नाव काढलंसा तर ही पळी डोक्यात घालीन."

मामांनी त्यांना खुर्चीत बसवून नेलं आणि तस्नीम माझ्या चुलीशी आली. ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "मुगाची आमटी करा. तेल एक चमचा."

मी मोठा चमचा घेतला.

"चहाचा," ती म्हणाली.

केली मी. चहाच्या चमच्याची फोडणी कसली, नुसता मोहरीचा अपमान. मीठही तिनंच हातातून काढून घेतलं. आमटी झाली, मी चाखली आणि मला फार बरं वाटलं, कारण ती अंघोळीच्या पाण्यागत लागत होती.

"बघ," मी म्हटलं, "हे खाऊन माणूस आजच जाईल. शुक्रवारची वाट कशाला बघतोय?"

तस्नीमनंही चाखली. "वाईटच झालीय," ती म्हणाली. "पण अक्का, तेल कमी करा म्हटलं होतं. सगळंच काढून टाका असं कुणी सांगितलं? अख्खी मिरज म्हणते, अक्काच्या हाताला चव आहे. मग ती हाताला आहे का तेलाला?"

कार्टी! चोवीस वर्षांची कार्टी, आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. मी पातेलं उलटं केलं, नव्यानं मूग चढवले आणि पदर खोचला. कांदा अख्खा निखाऱ्यात घातला, लसूण सालीसकट भाजला, धणे-जिरं कोरडंच तव्यावर फिरवलं. मीठ नको म्हणतीस ना? बरं. कोकणातला गडी आहे, आमटीत दोन आमसुलं टाकली. लाल माठ बारीक चिरून लसणीवर नुसता वाफवला. कातडं काढलेली कोंबडी दोन तुकडे, भाजलेल्या वाटणात. तेल सगळं मिळून त्या चहाच्या चमच्याचे दोन. तस्नीम बाजूला उभी राहून गप बघत होती. एकदाच म्हणाली, "वासानं मलाच भूक लागली." मी एक भाकरी जास्त थापली, ती तिच्यासाठी.

डबा मी स्वतः वॉर्डात नेला. नागवेकरांनी आमटीत बोट बुडवून चाटलं. मी कॉटच्या कडेला उभी.

"कसं हाय?"

"वाईट," ते म्हणाले आणि भाकरी कुस्करली.

माठ संपला. कोंबडीची हाडंसुद्धा चोखून झाली. दुसरी भाकरी अर्धी झाली.

"अगदीच वाईट हाय?"

"अगदीच. उद्या जरा लवकर आणा."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. नागवेकर जगले. आता एकोणसत्तरचे आहेत, रिटायर होऊनही मालवणला गेले नाहीत. चौदा वर्षं माझ्या कटाची तारीफ करत जेवले आणि पुढं सतरा वर्षं रोज दोन्ही वेळा नावं ठेवत जेवताहेत. एकदाही चांगलं म्हटलं नाही. दवाखान्याचे पथ्याचे डबे मी त्याच आठवड्यात सुरू केले. तस्नीमनं पाटी रंगवून आणली. लोक माझं कौतुक करतात. पेपरात एकदा फोटो आला होता, त्यात मी आणि तो डबा. फोटोत मी हसतेय ते मला बघवत नाही.

कारण कल्हईचा डबा मी तेव्हा टाकला नाही. कशाला टाकेन? पथ्य होतं ते पेशंटला. धडधाकट माणसांना नेहमीचं जेवण. एका चुलीवर नागवेकरांची आमटी आणि शेजारच्या चुलीवर कटाची फोडणी, हे पावणेदोन वर्षं मी बिनधास्त केलं. तस्नीमनं दोनदा विषय काढला, दोनदा मी तिला चहा पाजून वाटेला लावलं. मग एका मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी मालक गल्ल्यावर बसले ते उठलेच नाहीत. आगरबत्ती लावायला काडी पेटवली होती, ती बोटं भाजून विझली. काडीसारखा माणूस, एकोणपन्नास वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, ह्यांच्याही नळ्या तुंबलेल्या असणार, तपासलं नव्हतं का कधी? न्हाई तपासलं. बारीक माणसाला कोण तपासतंय? कल्हईचा डबा मी तेराव्याच्या दिवशी गटारीत ओतला. डबासुद्धा टाकला.

पण मला तो गुरुवार एवढा आठवत नाही, जेवढा तो बुधवार आठवतो.

त्या बुधवारी मी वॉर्डातून परत आले तेव्हा साडेतीन वाजले होते. खाणावळ रिकामी झालेली. मालक नेहमी सगळ्यात शेवटी जेवायचे, ते माझी वाट बघत बसले होते. भुकेनं तोंड एवढंसं झालेलं. मी गडबडीनं ताट मांडलं, समोर बसले आणि सगळं सांगितलं. खोताची नक्कल केली, नागवेकरांची नाडी धरून चालायची नक्कल केली. लोकांना कळत कसं नाही हो, म्हटलं, आपल्याच हातानं आपला जीव घ्यायचा आणि वर म्हणायचं, एका वाटीनं काय हुतंय. मालक हसून हसून बेजार झाले. "बरं केलंस हौसा," म्हणाले, "वाढलं असतंस तर मेला असता बिचारा."

"मग! मी म्हणून उठवलं. दुसरी कुणी असती तर वाढून मोकळी झाली असती," मी म्हटलं आणि त्यांची वाटी भरली. माझ्यापायी एवढा वेळ उपाशी राहिले म्हणून, त्यांनी मागितला नव्हता तरी, वरून आणखी एक पळी कट घातला.